रडका पंप

१

काकू गेल्या, आणि मग गाडी सुरू झाली.

हाच क्रम उलटा झाला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण नाही. शहराबाहेरच्या त्या लांबलचक, सुनसान रस्त्यावर दवाखान्याची रुग्णवाहिका आचके देत थांबली ती थांबलीच. ड्रायव्हरने किल्ली फिरवली, बॉनेट उघडलं, वायरी हलवल्या, पुन्हा किल्ली, पुन्हा बॉनेट. त्याने फोन केले, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकना हात केले. एक थांबेल तर शपथ! मागे स्ट्रेचरवर काकूंचा श्वास आधी मोठा झाला, मग बारीक झाला, आणि मग राहिलाच नाही. शेजारी बसलेल्या त्यांच्या नवऱ्याने हंबरडा फोडला. ड्रायव्हरने रडत रडत, काही सुचेना म्हणून, पुन्हा एकदा किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. चांगलं ठणठणीत!

या ड्रायव्हरला सगळे भोंग्या म्हणत. कारण काय, तर हा बाबा भोंगा वाजवायला लाजायचा. 'लोक दचकतात हो,' म्हणायचा. असा माणूस. माशी मारायची तरी दहादा विचार करणारा. त्याने त्या दिवशी गाडी तशीच पुढे दामटली, मोठ्या इस्पितळाच्या दारात नेऊन उभी केली, आणि खाली उतरून मागचं दार उघडलं. काकूंचा नवरा बाहेर आला. म्हातारा, हडकुळा, कुकर दुरुस्त करायचं दुकान असलेला माणूस. सगळं शहर त्यांना कुकरवाले काका म्हणून ओळखायचं. काकांनी भोंग्याची कॉलर धरली.

"थांबवलीस तू," ते म्हणाले. "सकाळी सांगून थांबवलीस."

भोंग्याच्या तोंडचं पाणी पळालं. कारण सकाळी तो खरंच तसं बोलला होता, आणि ते दवाखान्याच्या अख्ख्या आवाराने ऐकलं होतं.

२

झालं होतं असं. गाडीचा पेट्रोलचा पंप रडतो, असं भोंग्या कधीपासून कानीकपाळी ओरडत होता. हा पंप टाकीच्या आत असतो, बाहेरून दिसत नाही. पण गाडी बराच वेळ चालली की मागून आधी गुणगुण यायची, मग ती चढत चढत किंचाळल्यासारखी व्हायची, आणि गाडीचा जोर कमी व्हायचा. तो गाडी गॅरेजमध्ये आणायचा. मिस्त्री तासभर ऐकत बसायचा आणि पंप बापडा अगदी शहाण्यासारखा गप्प! दोनदा नवा पंप टाकला. भोंग्याचं रडगाणं चालूच. शेवटी मिस्त्री सगळ्यांसमोर म्हणाला, "अरे, पंप गाडीत नाहीये, याच्या कानात आहे!" आणि सगळे खो-खो हसले.

म्हणून त्या सकाळी, काकूंची तब्येत एकाएकी ढासळली आणि त्यांना मोठ्या इस्पितळात न्यायचं ठरलं तेव्हा भोंग्याने आवारात उभं राहून सांगितलं, "ही गाडी घेऊन मी एवढ्या लांब जाणार नाही. रस्त्यात बसली तर मला बोलू नका!" दवाखान्याचा मॅनेजर म्हणाला, "जातोस, की कायमचा घरी बसतोस?" भोंग्या गेला. आणि गाडी बसली. आता यापुढे लोकांना आणखी काय पुरावा हवा?

विमा कंपनीने एक तपासनीस बाई पाठवल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पायात कापडी बूट, आणि सर्दीने नाक लाल झालेलं. दर दोन वाक्यांनी शिंकायच्या. यांना पाहून भोंग्याचा उरलासुरला धीरही सुटला. आपली मान ज्या माणसाच्या हातात आहे त्याला धड श्वासही घेता येत नाही, म्हणजे कप्पाळ!

गॅरेजमध्ये बाईंनी मॅनेजर, मिस्त्री आणि भोंग्या तिघांनाही समोर बसवलं.

"मिस्त्री, पंप आवाज कशामुळे करतो?" त्यांनी विचारलं.

"चार कारणं असतात, मॅडम." मिस्त्री आपल्या कामात पक्का होता, बोलताना चाचपडला नाही. "टाकी सारखी रिकामी ठेवली तर. पंप पेट्रोलात बुडलेला असतो, पेट्रोलच त्याला गार ठेवतं. कमी पेट्रोलवर गाडी हाणली की पंप तापतो आणि ओरडायला लागतो. नाहीतर फिल्टर तुंबतो. नाहीतर पेट्रोलात घाण येते. नाहीतर वायरीतून पुरेसा करंट येत नाही. मी चारही बघितली. फिल्टर नवा, पेट्रोल स्वच्छ, करंट बरोबर, पंपाचं प्रेशर गेज लावून मोजलं, तेही बरोबर. आणि याला बजावून ठेवलं होतं, टाकी कायम भरलेली ठेव."

"ठेवायचात?"

"गळ्यापर्यंत, मॅडम," भोंग्या घाईघाईने म्हणाला. "त्या दिवशीही निघताना फुल केली होती. म्हणून तर रस्त्यात टाकीकडे फिरकलोही नाही. भरलेल्या टाकीत काय बघायचं?"

बाई शिंकल्या. नाक पुसलं. "गाडी तुमच्याकडे आत आली की पहिलं काम काय करता, मिस्त्री?"

"काठी घालतो."

"म्हणजे?"

मिस्त्रीने मॅनेजरकडे तिरका कटाक्ष टाकला. "गॅरेजवाले पेट्रोल काढून घेतात, असा आमच्यावर मागे आळ आला होता. तेव्हापासून गाडी आत आली रे आली की ड्रायव्हरच्या देखत टाकीचं झाकण उघडायचं, काठी बुडवायची आणि किती पेट्रोल आहे ते दोघांनी बघायचं. मगच बाकीचं काम. त्यात एकदाही चूक होत नाही."

"चांगली पद्धत आहे," बाई म्हणाल्या. मग एकदम त्यांनी वेगळंच विचारलं. "माझं नाक बंद आहे. या गाडीला पेट्रोलचा वास येतो का हो?"

तिघेही गोंधळले. मॅनेजर हसला. "यायचा पूर्वी. भपकारा यायचा. पेशंट कुरकुर करायचे. आता बरेच दिवस येत नाही."

"दुरुस्त केलंत?"

"नाही... आपोआप गेला."

"गाडीचं काहीच आपोआप बरं होत नाही," बाई म्हणाल्या आणि पुन्हा शिंकल्या.

मॅनेजरला या शिंकांचा आणि वासाचा कंटाळा आला. तो उठला. "मॅडम, पंप चांगला, फिल्टर चांगला, टाकी फुल. मग उरलं काय? ड्रायव्हरचा पाय आणि ड्रायव्हरचा हात. काकांनी पोलिसांत तक्रार देतो म्हणून सांगितलंय. मी त्यांना अडवणार नाही. उद्यापर्यंत तुम्हाला काही सापडलं तर ठीक, नाहीतर हा माणूस पोलिसांच्या ताब्यात."

भोंग्याने मिस्त्रीकडे पाहिलं. इतक्या वर्षांचा दोस्त. मिस्त्री हातातल्या फडक्याची घडी घालत बसला, त्याने मान वर केली नाही.

३

भोंग्याच्या गल्लीत दुपारी बायका दारात बसून गप्पा मारायच्या. त्या दिवशी तो आला तशा सगळ्या गप्प झाल्या. एकीने पोराला ओढून आत घेतलं. अहो, कालपर्यंत हीच बाई 'भाऊजी, जरा दवाखान्यात ओळख काढा ना' म्हणून मागे लागायची!

घरात बायकोने पाणी दिलं. त्याने तांब्या तसाच हातात धरून ठेवला. लायसन जाणार. नोकरी तर गेल्यातच जमा. आणि पोलिसांनी नेलं तर? मुलीच्या शाळेत काय सांगायचं, तुझा बाप माणूस मारून आत गेलाय?

"अहो," बायको समोर बसत म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली होता. "एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"तुम्हाला सगळे हसले होते. तुम्ही किती चिडला होतात त्या दिवशी, जेवलाही नव्हतात. तर... थोडा वेळ, आपलं म्हणणं खरं करून दाखवायला... तुम्ही थांबवली तर नव्हतीत ना?"

ओरडावं, तांब्या फेकावा असं वाटलं, पण अंगात त्राणच नव्हतं. आणि त्याहून वाईट गोष्ट पुढेच होती. तिने विचारल्यावर तो स्वतःच आठवायला लागला. खरंच आपण किल्ली नीट फिरवली होती ना? खरंच पाय ॲक्सिलरेटरवर होता ना? आवाज तरी खरंच यायचा, की मिस्त्री म्हणतो तसा आपल्या कानातच होता? सगळं जग एक म्हणतं आणि आपण एकटे दुसरं म्हणतो, म्हणजे वेडं कोण?

तो ताडकन उठला. "काकांकडे जातो."

"कशाला? मारतील तुम्हाला!"

"मारू देत. गाडीत आम्ही तिघंच होतो. त्यातलं एकच माणूस उरलंय मला सांगायला."

४

काकांचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. भिंतभर कुकरची झाकणं टांगलेली, खिळ्यांना काळ्या रबरी रिंगांच्या माळा, डब्यांत शिट्ट्या आणि वॉल्व्ह. भोंग्या दारात पोचला आणि जागीच थबकला. आत स्टुलावर तपासनीस बाई बसल्या होत्या.

काकांनी त्याला पाहिलं. "हा इथे कशाला आला? बाहेर काढा याला!"

"बसू द्या," बाई म्हणाल्या. "समोरच बोलू. काका, काकूंना वासाचा त्रास व्हायचा म्हणत होतात तुम्ही."

काकांनी भोंग्याकडे पाठ फिरवली. "डायलिसिसला सारखं न्यायला लागायचं तिला. येताना आधीच गळून गेलेली असायची, त्यात त्या गाडीतला पेट्रोलचा वास. घरी पोचेपर्यंत ओकून ओकून अर्धी व्हायची. म्हणायची, मला मरण आलं तरी चालेल पण त्या गाडीत घालू नका." त्यांनी डोळे पुसले. "गेले बरेच दिवस तेवढं एक सुख होतं तिला. वास नव्हता. खिडकीतून बघत यायची, बोलत यायची."

बाईंनी स्टूल पुढे ओढलं. मग म्हणाल्या, "आता एक नीट आठवून सांगा. गाडी थांबायच्या आधी तुम्हाला काही आवाज आला?"

भोंग्याचा जीव कानांत गोळा झाला. काकांनी नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी तो संपला असता. आणि नाही म्हणायला त्यांना कोण अडवणार होतं?

म्हातारा रागाने पेटलेला होता, पण खोटं बोलायची सवय नव्हती त्याला.

"आला," ते म्हणाले. "माझ्या पायाखालून. आधी गुणगुण, मग चढत चढत एकदम किंचाळल्यासारखा. ती दचकली होती त्याने. मी तिचा हात धरला होता."

भोंग्या मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. आवाज खरा होता. आपण वेडे नव्हतो!

"रडू नकोस," काका खेकसले. "आवाज खरा म्हणून तू सुटलास असं नाही. माझी बायको गेलीय. कुणीतरी घालवलीय तिला. तो माणूस मला हवाय, मग तो तू अस नाहीतर आणखी कुणी असो. सोडणार नाही मी."

"मलाही तेच हवंय," बाई म्हणाल्या आणि उठल्या. "उद्या सकाळी त्याच रस्त्याने जायचं. गाडी हे चालवतील. मिस्त्री पुढे बसेल. आणि काका, तुम्ही मागे बसायचं, त्या दिवशी बसला होतात तिथेच. आवाज ओळखायला तुम्हीच हवेत."

भोंग्याने दोन्ही हात जोडले. "मॅडम, नको. त्या गाडीत पुन्हा यांना घेऊन? माझे हात चालणार नाहीत."

"मग उद्याचा दिवस पोलिस चौकीत काढा," बाई शांतपणे म्हणाल्या.

५

सकाळी टाकी गळ्यापर्यंत भरली. बाईंनी स्वतः झाकण घट्ट बसवलं आणि बजावलं, "आता मी सांगेपर्यंत याला कुणी हात लावायचा नाही. मिस्त्री, तुम्हीसुद्धा नाही. काठी घरी ठेवा."

बाई मागे काकांजवळ बसल्या आणि गाडी निघाली. शहर संपलं, घरं विरळ झाली, रस्ता मोकळा लागला. भोंग्याच्या तळहातांना घाम सुटला होता, स्टिअरिंग हातातून निसटतंय असं वाटत होतं. मिस्त्री हाताची घडी घालून बसला होता. पंप गप्प. मैलामागून मैल गेले. पंप गप्पच. मिस्त्रीने हळूच भोंग्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत आता चेष्टा नव्हती, कीव होती. कीव तर त्याहून सोसवेना. रड रे, भोंग्या मनात म्हणत होता, रड बाबा एकदाचा, माझ्यासाठी रड!

आणि मागून गुणगुण सुरू झाली.

मिस्त्रीने घडी सोडली. मान वळवली. गुणगुण चढली, बारीक झाली, किंचाळायला लागली. मागून काका ओरडले, "हाच! हाच तो!" गाडीने एक आचका दिला, दुसरा दिला, आणि रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली. किल्ली फिरवली, सुरू होईना.

"अगं आई गं," मिस्त्री पुटपुटला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो बॉनेटकडे धावला.

"तिकडे नाही," बाई म्हणाल्या. "इकडे या."

त्या टाकीच्या झाकणापाशी उभ्या होत्या. गाडीतल्या प्रथमोपचाराच्या पेटीतून त्यांनी कापूस काढला आणि त्याचा एक पुंजका झाकणाच्या कडेशी धरला. "आता हळूच उघडा," त्या भोंग्याला म्हणाल्या. "एकदम नाही."

झाकण फिरेना. त्याने दोन्ही हातांचा जोर लावला. फुस्स आवाज झाला.

"हा आवाज नेहमी यायचा?"

"यायचा की, गॅरेजमध्ये काठी घालताना. पेट्रोलची वाफ बाहेर पडते त्याची."

"बाहेर पडते? मग कापूस बघा."

कापूस बाहेर उडाला नव्हता. तो झाकणाच्या फटीत आत ओढला गेला होता आणि तिथेच चिकटून बसला होता.

"आता गाडी सुरू करा."

भोंग्याने किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू! आणि पंप? चिडीचूप. मिस्त्रीने दोन्ही हातांनी कपाळ बडवलं. "हवा! टाकीला हवाच मिळत नव्हती!"

"टाकीतलं पेट्रोल जसं संपतं तशी त्या जागी बाहेरची हवा आत यावी लागते," बाई काकांना कळावं म्हणून सावकाश सांगायला लागल्या. "त्यासाठी या झाकणात एक बारीक छिद्र असतं. ते बंद झालं की टाकी पेट्रोल सोडायला तयार होत नाही. पंप बिचारा ओढतो, ओढतो, ओरडतो आणि शेवटी हात टेकतो. गाडी उभी राहिली की कुठून तरी हळूहळू हवा झिरपते, आणि बऱ्याच वेळाने गाडी आपली आपण सुरू होते. त्या दिवशी तेच झालं. शहरातल्या छोट्या फेऱ्यांमध्ये ते कळायचं नाही. आणि गॅरेजमध्ये तर कळणं शक्यच नव्हतं, कारण तपासायच्या आधीच तुम्ही काठी घालायला झाकण उघडत होतात. रोग आधी बरा करायचा आणि मग शोधत बसायचं."

"आणि टाकी फुल ठेव म्हणून मीच..." मिस्त्री म्हणाला.

"सल्ला बरोबर होता. एरवी त्यानेच पंप टिकतो. पण इथे फुल टाकीत मोकळी हवा जवळजवळ नव्हतीच, म्हणून गळा लवकर आवळला गेला. मला संशय आला तो वासाने. छिद्र असलेल्या जुन्या झाकणातून थोडातरी वास येतोच. तो एकदम बंद झाला, म्हणजे वाट बंद झाली. ती कुणी केली, एवढंच राहिलं होतं."

त्यांनी झाकण उलटं केलं. आत काळीभोर, नवी रबरी रिंग चपखल बसवली होती, आणि मधलं बारीक छिद्र लुकणाने सफाईने बुजवलेलं होतं.

"ही रिंग तर मी रोज बघतो," मिस्त्री म्हणाला. "मला वाटलं, मॅनेजरने शेवटी नवं झाकण आणलं. किती दिवस मागत होतो. बरं बसतंय म्हणून खूशच झालो मी. पण ही गाडीची रिंग नाही, मॅडम. इतकी जाड आमच्याकडे येत नाही."

बाईंनी मागच्या दाराकडे पाहिलं. काका गाडीतून खाली उतरले होते. ते एक एक पाऊल टाकत आले आणि त्यांनी बाईंच्या हातातून झाकण घेतलं. रिंगवर अंगठा फिरवला.

"ही मी कापलीय," ते म्हणाले.

६

इंजिन चालू होतं, तेवढाच काय तो आवाज.

"तिला वास यायचा ना," काका झाकणाकडे बघत म्हणाले. "मी मॅनेजरला सांगितलं, तो म्हणाला बघू. मग मीच बघितलं. एकदा माप घेतलं आणि पुढच्या फेरीला रिंग बसवून टाकली. गाडी आमच्या दारात उभी होती."

"पण काका, मी तर गाडीपाशीच असायचो," भोंग्या म्हणाला. "मला कसं नाही दिसलं?"

"तू तिला उतरवत होतास. तुझं लक्ष तिच्याकडे होतं."

भोंग्या आत हात घालून इंजिन बंद करून आला.

"झाकण हवाबंद करायचं, हेच केलं मी जन्मभर," काका म्हणाले. "वाफेला बाहेर पडायला वाट ठेवायची, ते मला कळतं. झोपेतही कळतं. पण आत यायलाही वाट लागते हे... ते माझ्या टाळक्यातच आलं नाही हो! छिद्र दिसलं, मी म्हटलं, इथूनच येतो मेला वास. आणि बुजवलं. ती म्हणाली, आज कसं छान वाटतंय. मी किती मिरवलो." ते रस्त्याच्या कडेला मातीतच बसले. "मीच घालवली तिला."

बाईंनी नाक पुसलं, आणि या वेळी ते सर्दीने नव्हतं. "काका, मला जे आहे ते लिहावं लागेल. तुम्ही मुद्दाम केलं नाहीत हेही लिहीन. वास येतो म्हणून तक्रार झाली आणि कुणी दखल घेतली नाही, तेही लिहीन. आणि हे निर्दोष आहेत, ते तर लिहिणारच."

निर्दोष! या एका शब्दासाठी भोंग्या जीव टाकत होता. तो कानावर पडला की काय काय करायचं, ते त्याने मनात ठरवून ठेवलं होतं. मॅनेजरच्या टेबलावर किल्ली आपटायची. मिस्त्रीला चार खडे बोल सुनवायचे. गल्लीत छाती काढून चालायचं. आता तो शब्द आला आणि मान वर करवेना. जो माणूस आपल्याला फासावर चढवायला निघाला होता, तो समोर मातीत बसून बायकोसाठी रडतोय, आणि आपण सुटलो म्हणून हसायचं? कसं हसायचं?

तो काकांच्या बगलेत हात घालून म्हणाला, "उठा, काका. घरी सोडतो."

"घरी कोण आहे माझं?"

"मग आमच्याकडे चला. दोन घास खाऊन घ्या."

काकांनी नकारार्थी मान हलवली. पण गाडी शहरात शिरली तसे ते पुढे वाकले आणि म्हणाले, "तुझी गल्ली कुठली? तिकडेच घे."

भोंग्याला बरं वाटलं. बायको वाढेल, म्हातारा चार घास खाईल. त्याने बाईंना आणि मिस्त्रीला गॅरेजपाशी सोडलं आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी लावली. दारादारांत बायका होत्या, कट्ट्यावर रिकामटेकडे होते. रुग्णवाहिका, तिच्यातून उतरणारे काका आणि मागे भोंग्या, हे बघून सगळे उभे राहिले. आता नक्की याला पोलिसांत देणार!

काका गल्लीच्या मधोमध जाऊन थांबले.

"ऐका!" एवढ्याशा देहातून एवढा मोठा आवाज कुठून आला देव जाणे. "याने काही केलेलं नाही. माझी बायको माझ्यामुळे गेली. टाकीचं झाकण मी बंद केलं. हा खरं बोलत होता. मी याला खुनी म्हणालो, ते खोटं होतं."

भोंग्याची बायको दारात आली होती. तिने पदर तोंडावर धरला आणि ती नवऱ्याकडे बघतच राहिली. ज्याने तिला उत्तरसुद्धा दिलं नव्हतं, त्या माणसाकडे. पण त्याचं तिच्याकडे लक्ष नव्हतं.

"काका, बास," तो काकांना खेचत होता. "ऐकलं सगळ्यांनी. चला आत."

"सगळे कुठे आहेत? काही घरात असतील." काका पहिल्या दारापाशी गेले आणि त्यांनी कडी वाजवली. जी बाई आली तिला त्यांनी तेच सगळं पहिल्यापासून सांगितलं. मग शेजारच्या दारापाशी गेले. तिथेही तेच. प्रत्येक दारात 'माझी बायको माझ्यामुळे गेली' हे वाक्य आलं की त्यांचा आवाज फुटायचा, आणि ते गिळून पुन्हा पुढे बोलायचे.

"काका, पाया पडतो तुमच्या!" भोंग्या रडकुंडीला आला. "मला नको हे. माझ्यासाठी नका करू. मरू दे माझं नाव!"

"तुझ्यासाठी नाही करत रे," काका म्हणाले. धाप लागली होती त्यांना. "माझ्यासाठी करतोय. हे आत ठेवलं तर मी जगू कसा?"

भोंग्याने त्यांचा दंड सोडला. पुढच्या घराला उंच पायरी होती, म्हाताऱ्याला ती चढवत नव्हती. त्याने क्षणभर बायकोकडे पाहिलं, मग काकांच्या पाठीला हात लावला, त्यांना पायरीवर चढवलं, आणि दार उघडेपर्यंत त्यांना धरून तो शेजारी उभा राहिला.